टाकी आंबेना, दारू उतरेना: लुई पाश्चरने १८५६ मध्ये पकडलेला 'बग'

थंडीच्या दिवसात हा अनुभव प्रत्येक घरात येतो. इडलीचं पीठ रात्री भिजवून, वाटून ठेवलं. सकाळी झाकण उघडून बघतो तर पीठ जिथल्या तिथे, फुगायचं नावच नाही. मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं मीठ लवकर घातलं, कोणी म्हणतं डाळ जुनी होती, कोणी थंडीला दोष देतं. पाच माणसं, पाच कारणं. पण नक्की काय बिघडलं हे कोणीच तपासत नाही.

ज्या देशांत घरी बिअर बनवायला परवानगी आहे, तिथे हौशी लोकांना हाच प्रॉब्लेम येतो. आंबवण चार दिवस जोरात चालते, बुडबुडे येतात आणि मग अर्ध्यावरच सगळं थांबतं. बिअर गोडसर राहते आणि अल्कोहोल ५ टक्क्यांऐवजी ३ टक्क्यांवर अडकतं. यावर आज एक ठरलेली चेकलिस्ट आहे: तापमान बघा, यीस्ट जिवंत आहे का बघा, दुसरा कुठला जंतू शिरला का बघा, मोजमाप बरोबर आहे का बघा.

या चेकलिस्टच्या मुळाशी एक माणूस आहे. त्याचं नाव तुम्ही रोज सकाळी दुधाच्या पिशवीवर वाचता. 'पाश्चराइज्ड' मधला पाश्चर, म्हणजे लुई पाश्चर. शाळेत आपण त्याला रेबीजच्या लशीसाठी ओळखतो. पण त्याच्या कामाचा एक मोठा धागा सुरू झाला तो एका अडलेल्या, आंबट झालेल्या दारूच्या टाकीपासून. आज त्याचीच गोष्ट बघू.

(एक गोष्ट आधीच क्लिअर करतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू किंवा बिअर बनवणं बेकायदेशीर आहे. हा लेख बिअर बनवायला शिकवण्यासाठी नाही, ती का बिघडते हे एका माणसाने कसं शोधलं ते समजून घेण्यासाठी आहे.)

आधी प्रॉब्लेम समजून घेऊ

बिअर बनवताना मोड आणून वाळवलेलं जव, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात ठेवतात. त्यातल्या स्टार्चची साखर होते. हा गोड काढा म्हणजे वर्ट. तो उकळून, थंड करून त्यात यीस्ट घालतात. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं.

किती साखर संपली हे घनतेवरून कळतं. साखर जास्त असेल तर द्रव जड असतो. संपत आली की हलका होतो. समजा सुरुवातीला पाण्याच्या तुलनेत घनता १.०५० होती आणि शेवटी १.०१० झाली, तर अल्कोहोल साधारण ५.२ टक्के आलं. पण तीच घनता १.०२५ वर अडकून बसली तर अल्कोहोल ३.३ टक्क्यांच्या आसपास राहतं. यालाच अडकलेली आंबवण म्हणतात.

आज आपल्याला माहीत आहे की यीस्ट हा जिवंत, एकपेशीय बुरशीचा प्रकार आहे. पण १८५६ मध्ये युरोपातल्या बऱ्याच मोठ्या रसायनशास्त्रज्ञांना हे मान्यच नव्हतं. आणि जी गोष्ट जिवंत आहे हेच माहीत नाही, ती उपाशी आहे की आजारी आहे हा प्रश्न तरी कोण विचारणार?

कातडी कमावणाऱ्याचा मुलगा

पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा. फ्रान्सच्या पूर्वेकडे ज्युरा भागात डोल नावाचं गाव आहे, तिथला. वडील नेपोलियनच्या सैन्यात होते आणि नंतर कातडी कमावण्याचा धंदा करायचे. पुढे कुटुंब आर्ब्वा या गावात आलं. हा द्राक्षमळ्यांचा आणि वाईनचा भाग. म्हणजे आंबवणीचा वास लहानपणापासून नाकात बसलेला.

शाळेत तो फार चमकणारा मुलगा नव्हता. त्याला चित्रं काढायचा नाद होता. आई-वडिलांची, शेजाऱ्यांची त्याने काढलेली पेस्टल चित्रं आजही जपून ठेवलेली आहेत. बारीक बघायची सवय त्याला इथेच लागली असणार असं मला वाटतं.

१८४३ मध्ये त्याला पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये प्रवेश मिळाला. तिथे १८४८ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, त्याने पहिला मोठा शोध लावला. टार्टरिक ॲसिडचे दोन प्रकार होते. रासायनिक दृष्ट्या सारखेच, पण एक प्रकार ध्रुवित प्रकाश वळवायचा आणि दुसरा अजिबात वळवायचा नाही. पाश्चरने दुसऱ्या प्रकाराच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली बघितले. त्यात दोन आकार मिसळलेले होते, आपल्या डाव्या आणि उजव्या हातासारखे एकमेकांचं प्रतिबिंब असलेले. त्याने चिमट्याने एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले. एक ढीग प्रकाश उजवीकडे वळवायचा, दुसरा डावीकडे. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना रद्द करायचे.

यातून पाश्चरच्या डोक्यात एक कल्पना पक्की बसली: असा एकाच हाताचा, प्रकाश वळवणारा पदार्थ सापडला तर त्याच्यामागे कुठेतरी जिवंत गोष्ट असणार. ही कल्पना लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

१८४९ मध्ये तो स्ट्रासबर्गला शिकवायला गेला आणि तिथेच मारी लोरांशी त्याचं लग्न झालं. पुढे मारी त्याचे पेपर लिहून द्यायची, नोंदी ठेवायची, प्रयोगांना मदत करायची. तिच्याशिवाय पाश्चरचं काम एवढं नीटनेटकं राहिलं नसतं.

लील, १८५६: बिगोची टाकी

१८५४ मध्ये पाश्चर लील शहरातल्या नव्या विज्ञान विद्याशाखेचा डीन झाला. लील हे उत्तर फ्रान्समधलं कारखान्यांचं शहर. आजूबाजूला बीटची शेती. साखरेच्या बीटचा रस आंबवून त्यातून अल्कोहोल काढणारे कारखाने तिथे होते. सरकारची अपेक्षा होती की प्राध्यापकांनी स्थानिक उद्योगांना मदत करावी.

१८५६ च्या उन्हाळ्यात बिगो नावाचा एक कारखानदार पाश्चरकडे आला. त्याचा मुलगा पाश्चरचाच विद्यार्थी होता. बिगोचं दुखणं सोपं होतं पण महागात पडणारं: काही टाक्यांमधला रस नीट आंबायचा आणि भरपूर अल्कोहोल द्यायचा. शेजारच्याच काही टाक्या मात्र आंबट व्हायच्या, त्यांना खराब वास यायचा आणि अल्कोहोल फारच कमी उतरायचं. रस तोच, कारखाना तोच, कामगारही तेच. तरी निकाल वेगळा.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ओळखतो. तोच कोड एका सर्व्हरवर चालतो आणि दुसऱ्यावर पडतो. अशा वेळी दोन्हीकडचे लॉग शेजारी ठेवून फरक शोधायचा असतो. पाश्चरने नेमकं हेच केलं. तो कारखान्यात जाऊ लागला, चांगल्या आणि बिघडलेल्या अशा दोन्ही टाक्यांचे नमुने आणू लागला आणि साध्या मायक्रोस्कोपखाली बघून वहीत चित्रांसकट नोंदी करू लागला.

चांगल्या टाकीत त्याला गोल, टपोऱ्या पेशी दिसल्या. काहींना कळ्या फुटत होत्या. हे यीस्ट. बिघडलेल्या टाकीत मात्र यीस्टपेक्षा कितीतरी लहान आणि वेगळ्याच आकाराचे कण होते. रासायनिक तपासणीत त्या द्रवात लॅक्टिक ॲसिड सापडलं. हे तेच ॲसिड, जे दह्याला आंबट करतं.

आणखी एक धागा मिळाला. आंबवणीत थोडंसं अमाइल अल्कोहोल तयार होतं आणि ते ध्रुवित प्रकाश वळवतं. म्हणजे पाश्चरच्या जुन्या कल्पनेनुसार इथे काहीतरी जिवंत काम करतंय.

आता संशय होता, पुरावा नव्हता. मायक्रोस्कोपखाली एखादी गोष्ट दिसली म्हणजे तीच कारण आहे असं होत नाही. कदाचित ती बिघाडाचा परिणामही असू शकते. म्हणून पाश्चरने वेगळा प्रयोग केला. लॅक्टिक आंबवणीच्या तळाशी साचणारा करडा थर त्याने थोडासा उचलला. यीस्टचा उकळून गाळलेला स्वच्छ काढा घेतला, त्यात साखर आणि खडूची भुकटी घातली. खडू कशाला? तर तयार होणारं ॲसिड मारायला, नाहीतर त्या ॲसिडनेच प्रक्रिया मंदावते. त्यात तो करड्या थराचा कण टाकून ३० ते ३५ अंशांवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी जोरदार लॅक्टिक आंबवण सुरू आणि तळाशी तोच करडा थर, आधीपेक्षा वाढलेला.

आपल्या घरी आजी चमचाभर विरजण दुधात घालते आणि सकाळी पातेलंभर दही होतं, त्यातून पुन्हा विरजण काढता येतं. तेच तत्त्व. फक्त पाश्चरने ते मोजून, वेगळं करून दाखवलं. ऑगस्ट १८५७ मध्ये लीलच्या विज्ञान संस्थेपुढे त्याने हा निबंध वाचला. प्रत्येक प्रकारच्या आंबवणीमागे आपापला वेगळा सूक्ष्मजीव असतो, हा त्याचा मुद्दा. म्हणजे बिगोच्या टाकीत आंबवण बंद पडली नव्हतीच. चुकीचीच आंबवण चालू होती आणि दुसराच कोणीतरी येऊन साखर खात होता.

लीबिगशी वाद

हे मान्य करायला लोक सहज तयार झाले नाहीत. यीस्ट जिवंत आहे असं १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर आणि जर्मनीत श्वान व क्युट्झिंग यांनी आधीच सांगितलं होतं. पण जस्टस फॉन लीबिग हा त्या काळातला रसायनशास्त्राचा सगळ्यात मोठा माणूस. त्याच्या मते आंबवण म्हणजे सडणाऱ्या पदार्थांची हालचाल साखरेला लागून साखर तुटणं, त्यात जीव वगैरे काही नाही. १८३९ मध्ये लीबिग आणि त्याचा मित्र वोलर यांनी यीस्ट जिवंत मानणाऱ्यांची टिंगल करणारा लेखही छापला होता.

पाश्चर १८५७ मध्ये पॅरिसला एकोल नॉर्मालमध्ये परत आला. तिथे त्याला धड प्रयोगशाळा नव्हती, पोटमाळ्यावरच्या खोल्यांत त्याने काम सुरू केलं. १८६० मध्ये त्याने लीबिगच्या मुद्द्यावर थेट घाव घातला. शुद्ध पाणी, साखर, अमोनियम क्षार आणि यीस्ट जाळून उरलेली राख, एवढंच घेतलं. सडू शकेल असा कुठलाही प्रथिनयुक्त पदार्थ त्यात नव्हता. त्यात टाचणीच्या डोक्याएवढं यीस्ट टाकलं. आंबवण झाली आणि यीस्ट वाढलंही. सडायला काही नसताना आंबवण होते, तर कारण सडणं कसं असेल?

दहा वर्षांनी लीबिगने लिहिलं की त्याला हा प्रयोग जमला नाही. पाश्चरने त्याला आव्हान दिलं की तज्ज्ञांच्या समितीसमोर हवं तेवढं यीस्ट वाढवून दाखवतो. लीबिगने ते घेतलं नाही.

यीस्टला काय लागतं?

१८६० आणि १८६१ मधल्या कामातून तीन गोष्टी बाहेर आल्या, ज्या आजही प्रत्येक ब्रुअरच्या कामाच्या आहेत.

पहिली, सगळी साखर अल्कोहोल होत नाही. जुन्या हिशेबाप्रमाणे १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळायला हवं. पाश्चरने मोजून दाखवलं की सुमारे ५ टक्के साखर ग्लिसरीन, सक्सिनिक ॲसिड आणि यीस्टचं स्वतःचं शरीर बनवण्यात जाते. म्हणजे कागदावरचं अल्कोहोल आणि टाकीतलं अल्कोहोल यात थोडा फरक राहणारच. प्रत्येक कमी आकडा म्हणजे बिघाड नव्हे.

दुसरी, नुसती साखर पुरत नाही. यीस्टला नायट्रोजन आणि खनिजंही लागतात. त्या प्रयोगातले अमोनियम क्षार आणि राख हीच भूमिका करत होते. आजही नुसत्या साखरेच्या किंवा मधाच्या पाण्यात यीस्ट घातलं तर ते अर्ध्यावर दमतं. माल्टच्या काढ्यात ही खनिजं असतातच, म्हणून तिथे हा त्रास कमी.

तिसरी गोष्ट सगळ्यात मजेशीर. हवा मिळाली की यीस्ट भराभर वाढतं, पण खाल्लेल्या साखरेच्या मानाने अल्कोहोल कमी बनवतं. हवा तोडली की वाढ मंदावते आणि साखर जास्त करून अल्कोहोलकडे वळते. याला आज पाश्चर परिणाम म्हणतात. त्यामुळे ब्रुअर सुरुवातीला थंड झालेल्या वर्टमध्ये मुद्दाम हवा मिसळतात आणि नंतर हवा बंद करतात. सुरुवातीला ऑक्सिजन मिळाला नाही तर यीस्टला आपल्या पेशीचं आवरण नीट बांधता येत नाही आणि अल्कोहोल वाढू लागलं की ते दम तोडतं.

घरातले मृत्यू आणि अर्धं शरीर

हे सगळं वाचताना असं वाटतं की हा माणूस एकामागून एक जिंकतच होता. घरात चित्र उलटं होतं. पाश्चर आणि मारी यांना पाच मुलं झाली. १८५९ मध्ये मोठी मुलगी जान नऊ वर्षांची असताना टायफॉइडने गेली. १८६५ मध्ये आधी वडील गेले, मग दोन वर्षांची कामीय. १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिल, पुन्हा टायफॉइडने. पाचपैकी दोनच मुलं मोठी झाली. टायफॉइड हाही जंतूंमुळेच होतो हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. टाकीचा आजार ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातल्या आजारापुढे काहीच करता आलं नाही.

याच वर्षांत काम चालूच होतं. वाईन का बिघडते हे शोधायची जबाबदारी सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्याच्याकडे दिली. पाश्चरने दाखवलं की वाईनच्या प्रत्येक बिघाडामागे वेगळा जंतू असतो आणि ती ५० ते ६० अंशांपर्यंत थोडा वेळ गरम केली तर हे जंतू मरतात, चव फारशी बदलत नाही. १८६५ मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं आणि मग ते सगळ्यांसाठी खुलं केलं. आज याच पद्धतीला पाश्चरायझेशन म्हणतात. दुधाला ती नंतर लावली गेली.

१८६५ पासून दक्षिण फ्रान्समध्ये रेशीमकिड्यांच्या रोगावर काम सुरू झालं. ते चालू असतानाच ऑक्टोबर १८६८ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. वय फक्त ४५. डावी बाजू लुळी पडली. ती पूर्ण बरी कधीच झाली नाही. इथून पुढचे बरेच बारीक प्रयोग त्याच्या सहकाऱ्यांच्या हातांनी झाले.

१८७१: रागातून आलेली बिअर

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि फ्रान्स वाईट हरला. पाश्चरचा मुलगा सैन्यात होता. जानेवारी १८७१ मध्ये माघार घेणाऱ्या, थंडीने गारठलेल्या सैन्यात पाश्चर स्वतः बायको आणि मुलीला घेऊन त्याला शोधत फिरला. तो आजारी पण जिवंत सापडला. याच महिन्यात पाश्चरने जर्मनीच्या बॉन विद्यापीठाने दिलेली मानद पदवी रागाने परत पाठवली.

मग त्याने ठरवलं की ज्या गोष्टीत जर्मनी पुढे आहे त्यात फ्रान्सला वर आणायचं. ती गोष्ट म्हणजे बिअर. क्लेरमाँ-फेराँला आपला शिष्य एमिल दुक्लो याच्याकडे राहून त्याने जवळच्या शामालिएरमधल्या ब्रुअरीत काम सुरू केलं. या बिअरला त्याने राष्ट्रीय सूडाची बिअर असं नाव दिलं होतं. आज हे ऐकून विचित्र वाटतं, पण त्याचा राग खराच होता.

सप्टेंबर १८७१ मध्ये तो लंडनला व्हिटब्रेडच्या मोठ्या ब्रुअरीत गेला. तिथे त्यांच्या पोर्टर बिअरचं यीस्ट त्याने मायक्रोस्कोपखाली ठेवलं. यीस्टबरोबर नको ते जंतूही भरपूर होते. त्याने सांगितलं की या बिअरमध्ये दोष असणार. व्यवस्थापक आधी जरा गप्पच राहिले, मग दुसऱ्या ब्रुअरीतून नवीन यीस्ट मागवावं लागल्याचं कबूल केलं. पाश्चर काही दिवसांनी पुन्हा गेला तेव्हा तिथे मायक्रोस्कोप खरेदी झालेला होता.

या प्रसंगातली खरी गोष्ट लक्षात घ्या. तोपर्यंत बिअर बिघडली हे चव घेऊन कळायचं, म्हणजे माल वाया गेल्यावर. आता ती बिघडायच्या आधी कळू लागलं. आमच्या भाषेत सांगायचं तर ग्राहकाची तक्रार येण्याआधी मॉनिटरिंगमध्ये अलर्ट दिसायला लागला.

१८७६ मध्ये त्याचं बिअरवरचं पुस्तक आलं. बिअरचा प्रत्येक आजार बाहेरून आलेल्या जंतूंमुळे होतो, म्हणून यीस्ट शुद्ध ठेवा, थंड झालेल्या वर्टला उघड्या हवेपासून जपा, आणि मायक्रोस्कोप रोज वापरा, असा त्याचा सारांश.

पाश्चरचं काय राहून गेलं?

फ्रेंच बिअरने जर्मन बिअरला हरवलं का? नाही. उलट पाश्चरच्या कामाचा मोठा फायदा उचलला तो डेन्मार्कने. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीचा मालक याकोबसेन याने आपली प्रयोगशाळा काढली. तिथे एमिल क्रिस्टियन हॅन्सन काम करायचा. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गची बिअर कडवट, खराब होऊ लागली. पाश्चरच्या पुस्तकाप्रमाणे बॅक्टेरिया शोधायला हवे होते. पण हॅन्सनच्या लक्षात आलं की इथे गुन्हेगार यीस्टच आहे, फक्त दुसऱ्या जातीचं, रानटी. मायक्रोस्कोपखाली दोन्ही जवळपास सारखीच दिसायची, म्हणून पाश्चरच्या पद्धतीत ती निसटत होती.

हॅन्सनने द्रव इतका पातळ केला की एका थेंबात एकच पेशी येईल, आणि त्या एका पेशीपासून सगळं यीस्ट वाढवलं. नोव्हेंबर १८८३ पासून कार्ल्सबर्गमध्ये हे शुद्ध यीस्ट वापरात आलं. याकोबसेनने ते लपवून ठेवलं नाही, दुसऱ्या ब्रुअरींनाही दिलं.

गंमत म्हणजे आज लागर बिअरच्या या यीस्टचं शास्त्रीय नाव आहे सॅकरोमायसिस पास्टोरिआनस. पाश्चरच्या सन्मानार्थ हे नाव १८७० मध्ये एका जर्मन शास्त्रज्ञाने, मॅक्स रीसने, ठेवलं होतं. ज्या जर्मनीवर सूड घ्यायचा होता तिथली लागर आज पाश्चरच्याच नावाच्या यीस्टने बनते.

दुसरी सुधारणा १८९७ मध्ये झाली. एडुआर्ड बुखनरने यीस्टच्या पेशी रगडून, दाबून रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर आंबली. म्हणजे प्रत्यक्ष काम पेशीच्या आतली एन्झाइम्स करतात. आंबवणीला जिवंत पेशीच लागते हा पाश्चरचा आग्रह इथे सैल झाला आणि लीबिगच्या रसायनालाही थोडी जागा मिळाली. पण ती एन्झाइम्स बनवते यीस्टच, म्हणून टाकीतलं यीस्ट सांभाळणं काही सुटलं नाही.

टाकीतून माणसांपर्यंत

बिअर आणि वाईनला जंतूंमुळे आजार होतो, तर माणसांना आणि जनावरांना का नाही? १८७० च्या दशकात पाश्चर याच प्रश्नाकडे वळला. मे १८८१ मध्ये पुई-ल-फोर इथे त्याने सगळ्यांसमोर अँथ्रॅक्सच्या लशीचा प्रयोग केला. २ जूनला लोक बघायला आले तेव्हा लस दिलेल्या मेंढ्या उभ्या होत्या, न दिलेल्या मेलेल्या किंवा मरणाच्या दारात होत्या. ६ जुलै १८८५ ला पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला रेबीजची लस दिली गेली. पाश्चर डॉक्टर नव्हता, त्यामुळे इंजेक्शन डॉक्टर ग्रांशेने दिलं. मुलगा वाचला.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. पाश्चरने आपल्या वह्या कोणाला दाखवू नका असं घरच्यांना सांगितलं होतं. त्याच्या नातवाने १९६४ मध्ये त्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. इतिहासकार जेराल्ड गायसनने त्या वाचून १९९५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातून दिसलं की १८८१ च्या प्रयोगात वापरलेली लस पाश्चरने लोकांना भासवलेल्या पद्धतीने बनवलेली नव्हती. ती त्याचा सहकारी शांबरलांच्या पोटॅशियम डायक्रोमेटच्या पद्धतीने केली होती. माइस्टरला जी लस दिली त्या पद्धतीचे कुत्र्यांवरचे प्रयोगही पुरते झालेले नव्हते. निकाल खरा होता, पण रिपोर्ट पूर्ण खरा नव्हता. मला यातून एवढंच दिसतं की बाहेर काहीही सांगितलं तरी वहीत त्याने खरं तेच लिहिलं. म्हणून तर शंभर वर्षांनी कोणालातरी तपासता आलं.

नोव्हेंबर १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. याच संस्थेत काम केलेला वाल्डेमार हाफकिन प्लेगच्या साथीत १८९६ मध्ये मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. म्हणजे लीलच्या बीटच्या टाकीपासून निघालेली वाट परळपर्यंत येते.

पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ ला गेला. हाफकिनचं मुंबईतलं काम आणि बुखनरचा प्रयोग, दोन्ही त्याला बघायला मिळालं नाही.

आजची अडलेली टाकी: पाश्चरच्या पद्धतीने

आज कुठल्याही ब्रुअरीत आंबवण अडकली की तपासणी साधारण या क्रमाने होते.

१. आधी मोजमाप तपासा. हायड्रोमीटर ठरावीक तापमानालाच बरोबर आकडा दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर अल्कोहोल तयार झाल्यावर चुकीचा, जास्तीचा आकडा दाखवतो. कित्येकदा आंबवण अडकलेली नसतेच, आकडा चुकलेला असतो. आणि बुडबुडे थांबले म्हणजे आंबवण संपली असंही नाही.

२. तापमान बघा. एल बिअरच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश लागतात, लागरच्या यीस्टला ८ ते १३. थंडी पडली की यीस्ट तळाशी जाऊन झोपतं. हळूहळू ऊब देऊन, हलवून ते जागं होऊ शकतं.

३. यीस्ट पुरेसं आणि जिवंत होतं का? जुनं पाकीट, कमी प्रमाण, किंवा गरम वर्टमध्ये टाकलेलं यीस्ट ही नेहमीची कारणं. सुरुवातीला हवा मिळाली होती का, हेही इथेच विचारायचं.

४. साखर खाण्यासारखी होती का? माल्ट ६२ ते ६५ अंशांवर भिजवलं तर यीस्टला पचणारी साखर जास्त बनते. ७० च्या आसपास भिजवलं तर न पचणारे मोठे रेणू जास्त राहतात. मग कितीही नवीन यीस्ट घाला, आकडा खाली येत नाही.

५. दुसरा पाहुणा आलाय का? आंबटपणा, बुळबुळीतपणा, विचित्र वास असेल तर मायक्रोस्कोप. ही बिगोची टाकी.

या यादीत नवीन यीस्ट ओतणं हा पहिला उपाय नाही हे बघा. आधी कारण शोधायचं, मग इलाज. नाहीतर मेलेल्या यीस्टच्या जागी आणखी थोडं यीस्ट मारायचं एवढंच होतं.

पुढच्या वेळी इडलीचं पीठ फुगलं नाही तर पाच कारणांवर भांडण्याऐवजी एक छोटा प्रयोग करा. त्याच पिठाचे दोन डबे भरा, एक ओट्यावर आणि एक उबेला ठेवा. बाकी काही बदलू नका. सकाळी दोन्ही शेजारी ठेवून बघा आणि काय दिसलं ते फोनमध्ये लिहून ठेवा. पाश्चरनेही बिगोच्या कारखान्यात दोन टाक्या शेजारी ठेवूनच सुरुवात केली होती.